रंगवही : नीळ, मंजिष्ठ आणि तंबोरा

९ जून

निवृत्त होऊन आज एक महिना झाला. प्रयोगशाळेत ३१ वर्षे एकाच प्रश्नापाशी काढली : हा रंग उन्हात किती टिकेल? भिंतींचे, गाड्यांचे, पुलांच्या लोखंडाचे रंग पट्ट्यांवर लावायचे, झेनॉनच्या दिव्याखाली ठेवायचे, मधूनमधून पाण्याचे फवारे सोडायचे आणि काहीशे तासांनी पट्ट्या बाहेर काढून मोजायच्या. विटला की नापास. हे काम मला मनापासून आवडत होते.

आता स्वतःसाठी प्रकल्प आखला आहे. बागेत रंगाची झाडे लावायची, त्यांतून चित्रांचे रंग काढायचे आणि मार्चअखेर १२ चित्रे पुरी करायची. रोज सकाळी एक तास तंबोरा, त्यात सूट नाही. नोंदी प्रयोगशाळेतल्यासारख्याच : तारीख, वजन, आकाश, काय केले, काय झाले. खोडरबर वापरायचे नाही. चुकले तर वर एकच रेघ मारायची, खालची चूक वाचता आली पाहिजे.

मंजिष्ठेचा वेल नोकरीत असतानाच लावला होता, त्याचे हे तिसरे वर्ष. निळीचे बी आज रात्री भिजत घातले : ४० दाणे. टरफल कठीण असते म्हणून आधी बारीक पॉलिशकागदावर घासून घेतले.

१८ जून

४० पैकी २७ उगवले. वाफ्यात हात-हात अंतराने लावले. नीळ शेंगवर्गातली, मुळांवर गाठी धरते आणि हवेतला नायट्रोजन जमिनीत आणते. म्हणून खत अगदी बेताचे घातले.

३ जुलै

पाऊस लागला आणि तंबोरा हाताबाहेर गेला. आईचा तंबोरा हा. दमट हवेत लाकूड फुगते, खुंट्या आवळतात, आणि जोर लावून पिळली की तार एकदम दोन श्रुती वर उडी मारते. खुंट्या काढून खडू घासला, मग जरा ऐकू लागल्या. पंचम, जोड, जोड, खर्ज. चारही लावायला ५० मिनिटे लागली, वाजवायला उरली १०.

गाणे शिकवणाऱ्या बाईंनी आज एवढेच पाहिले आणि म्हणाल्या, "मोबाइलवरचा तो काटा बंद करा. आधी पंचम लावा, मग जोड एकमेकींत मिसळा. दोन तारांमध्ये डोल ऐकू येतो ना, तो लांबत लांबत नाहीसा झाला पाहिजे."

डोल म्हणजे काय ते मला पुस्तकातून ठाऊक होते. एक तार २०८ हर्ट्झला आणि दुसरी २०७.५ ला असेल, तर आवाज दोन सेकंदांत एकदा फुगतो आणि ओसरतो. पण तो ओसरताना कानाला लागणे वेगळे. खुंटी पिळायची नाही, फक्त मणी केसभर सरकवायचा. डोल चार सेकंदांचा झाला, मग आठ, मग मला मोजताच येईना. त्या क्षणी दोन तारा उरल्या नाहीत.

२१ जुलै

गोकर्णाची पहिली १४ फुले. पाऊस. चित्रकाम नाही.

२ ऑगस्ट

गोकर्णाच्या ३० पाकळ्या खलात कुटल्या, थोड्या पाण्यात घोळवून फडक्यातून गाळल्या. निळी शाई. तीन वाट्या केल्या : एकीत लिंबाचे दोन थेंब, दुसरी तशीच, तिसरीत धुण्याचा सोडा. जांभळट गुलाबी, निळी, हिरवट. नात नऊ वर्षांची आहे, तिने हे तीनदा करायला लावले आणि तीनही वेळा तिच्याइतकीच मी पाहत राहिले. ज्या रेणूमुळे हे होते त्याची रचना मी फळ्यावर काढू शकते, तरी पाहावेसे वाटते.

निळ्या शाईने वाफ्याचे एक चित्र काढले. पावसाळी आभाळाला हा रंग इतका शोभतो की चित्र मी दिवसभर समोर ठेवले.

संध्याकाळी सवयीने चाचणी लावली. गोकर्ण, हळद, जास्वंद, बीट, झेंडू (तुरटीबरोबर) आणि हिरड्याची हिराकस (लोहाचा क्षार) घातलेली काळी शाई, अशा सहा पट्ट्या. प्रत्येकीचा अर्धा भाग अॅल्युमिनियमच्या कागदाने झाकला. शेजारी निळ्या लोकरीची पट्टी. ही आमच्या धंद्यातली जुनी मोजपट्टी आहे : रंगवलेल्या लोकरीचे आठ तुकडे, १ क्रमांकाचा सगळ्यांत आधी विटतो, ८ चा सगळ्यांत उशिरा, आणि ढोबळमानाने प्रत्येक तुकडा आधीच्याच्या दुप्पट वेळ धरतो. आपला नमुना ज्या तुकड्याच्या जोडीने विटेल, तो त्याचा गुण. सगळे काचेखाली, दक्षिणेच्या खिडकीत.

१९ ऑगस्ट

मोजून दहा दिवस ऊन मिळाले असेल.

हळद : उघडा भाग जवळजवळ पांढरा. गुण १ च्याही खाली.
बीट : तसेच.
जास्वंद : मळकट करडी.
गोकर्ण : फिकट राखी.
झेंडू : बराच उतरला, पण आहे.
हिरडा-हिराकस : काळा, किंबहुना आधीपेक्षा काळा. हे अपेक्षितच, लोहाचे ऑक्सिडीकरण कागदावरही चालू राहते. हिराकस जास्त झाला तर हीच शाई पुढे कागद खाते, म्हणून हिरडा मुद्दाम जास्त घातला आहे.

२ ऑगस्टचे चित्र भिंतीवर होते, उन्हात नव्हते, तरी आभाळ उतरले आहे. चौघांपुढे "नापास" लिहिले आणि वही मिटली. वाईट वाटले, ते लिहून ठेवते.

५ सप्टेंबर

खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो असे सगळे म्हणतात. मला आजवर येत नव्हता. आज आला.

आला तो असा. बाई म्हणाल्या, बोट ओढू नका, बोटाची कड तारेवर आडवी टेकवून तार नुसती सोडा. पंचमाला मधले बोट, बाकी तिघींना तर्जनी, आणि आधीची तार विझायच्या आत पुढची. पंधरा मिनिटे फक्त तेच केले. मग चारही तारांच्या वर, कुणीच छेडलेला नाही असा एक स्वर लोंबकळत असल्यासारखा जाणवला.

गणित सोपे आहे. माझा षड्ज काळी चारचा, म्हणजे सुमारे २०८. खर्ज १०४. त्याचा पाचवा उपस्वर, म्हणजे पाचपट कंपनांचा, ५२०, आणि तोच गंधार. सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेल्या पेटीवर तोच स्वर ५२४ च्या आसपास पडतो. चार हर्ट्झ म्हणजे सेकंदाला चार डोल. पेटीबरोबर गायले की माझा गंधार का टोचतो, हे मला इतकी वर्षे कळले नव्हते.

दुपारी याच्याच मागे लागले. सी. व्ही. रामन यांचा १९२१ सालचा निबंध आहे, तंबोरा आणि वीणा यांच्या घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर. नियम असा की तार जिथे छेडावी, तिथे ज्या उपस्वराचा निस्पंद (न हलणारा) बिंदू असतो तो उपस्वर उमटत नाही. रामन यांच्या लक्षात आले की तंबोऱ्यात हा नियम मोडतो, आणि त्याचे कारण रुंद, किंचित उतरती घोडी आणि तिच्यावरचा जवारीचा, म्हणजे तारेला झणझणता नाद देणारा, दोरा. करून पाहिले. तारेचा मोकळा भाग ८५ सेंटिमीटर, त्याचा पाचवा भाग १७. आधी घोडीवर तारेखाली बारीक पितळी सळई ठेवून जवारी मारली आणि १७ सेंटिमीटरवर छेडले. गंधार गेला. खर्ज मुका, लाकडी. सळई काढली, दोरा जागेवर आणला, त्याच बिंदूवर छेडले. गंधार परत.

सहा वेळा केले. नातीला डोळे मिटायला लावून कधी सळई, कधी दोरा असे ऐकवले. तिने सहाच्या सहा बरोबर ओळखले.

१२ सप्टेंबर

निळीची पहिली कापणी, फुले यायच्या आधी. पाने भिजवून ठेवली आणि तंबोऱ्यात वेळ गेला. ३६ तास झाले. पाणी सडले, हाती करडा गाळ. वाया.

२७ सप्टेंबर

दुसरी कापणी. डहाळ्यांसकट २.४ किलो. आकाश निरभ्र.

सकाळी सातला बादलीत पाने दाबून भरली, वर जाळी, जाळीवर दगड, कोमट पाणी. एकही पान वर तरंगता कामा नये. दर दोन तासांनी पाहायचे ठरवले आणि पाहिले. आठव्या तासाला पाणी पिवळसर. बाराव्याला हिरवट आणि पृष्ठावर तांबूस-निळी साय. सोळाव्याला वास बदलला, गोडसर होता तो उग्र झाला, तिथेच थांबवले. रात्रीचे अकरा वाजले होते.

पानांत निळा रंग नसतोच. इंडिकन नावाचे रंगहीन द्रव्य असते. पाण्यात मुरताना पानातलेच विकर त्यातली साखर तोडते, इंडॉक्सिल मोकळे होते, आणि त्याला हवा लागली की दोन-दोन रेणू जुळून नीळ. हवा लावणे हेच खरे काम. पाणी गाळून घेतले, त्यात चुन्याचे निवळलेले पाणी घातले आणि एका बादलीतून दुसरीत ओतत राहिले. उंचावरून, फेस येईल असे. ताई मुक्कामाला होती. ती म्हणाली, "दे इकडे, तुझा खांदा जाईल." मग आम्ही दोघी आलटून पालटून. फेस आधी पांढरा, मग आकाशी, मग गडद निळा, आणि ४० मिनिटांनी आपोआप बसू लागला. रात्री बारा वाजता अंगणातल्या दिव्याखाली बादलीत निळे पाणी आणि आमचे कोपरापर्यंत निळे हात.

सकाळी गाळ तळाशी. वरचे पाणी ओतून दिले, गाळ फडक्यावर घेतला. सुकल्यावर ११ ग्रॅम, त्यात चुनाही आहे. २.४ किलोतून ११ ग्रॅम.

अॅडॉल्फ फॉन बायर यांनी १८६५ साली निळीवर काम सुरू केले. १८८० मध्ये त्यांनी ती प्रयोगशाळेत बनवली, १८८३ मध्ये रचना सांगितली, आणि कारखान्यातली नीळ बाजारात यायला १८९७ उजाडले. विद्यार्थ्यांना या तारखा मी कितीदा तरी सांगितल्या असतील. पानातून निघताना ती मी काल पहिल्यांदा पाहिली.

चोथा झेंडूच्या वाफ्याला घातला.

१४ ऑक्टोबर

आज जे दिसले त्याने प्रकल्प बदलतो आहे, म्हणून सविस्तर.

खिडकीतली काच पुसायला उचलली. गोकर्णाची एक जादा पट्टी न झाकता तशीच राहून गेली होती. तिच्यावर काचेखाली निळीची एक डहाळी अडकलेली, चाचणी लावली त्या दिवशी कुठून तरी उडून आलेली. डहाळी काढली. खाली डहाळी होती. पानापानाची कड, देठाला जोडणारी बारीक शीर, सगळे निळे. भोवतालचा कागद राखी, आणि झाकलेल्या जागी ऑगस्टचा रंग जसाच्या तसा.

हे नवे नाही. जॉन हर्शेल यांनी १८४२ साली फुलांच्या आणि पानांच्या रसांवर नेमके हेच प्रयोग प्रसिद्ध केले. त्याच वर्षी त्यांनी लोहक्षारांची निळी छपाईही शोधली, ती पुढे घरांच्या आणि यंत्रांच्या नकाशांसाठी जगभर चालली, आणि फुलांच्या रसाची छायाचित्रे मागे पडली. त्यांत रंग पक्का करायची सोयच नाही : ज्या उजेडाने चित्र उमटते, तोच ते पुसतो. (त्यांचे वडील विल्यम हर्शेल १७८१ साली युरेनस शोधण्याआधी पोटासाठी ऑर्गन वाजवत. दुर्बीण आणि वाद्य एका घरात नांदल्याचे वाचले की मला बरे वाटते.)

१९ ऑगस्टचे पान काढले. "नापास" या चार शब्दांवर एकेक रेघ मारली. खालचे वाचता येते.

नवी योजना : सहा चित्रे टिकाऊ रंगांची, सहा उन्हाने काढलेली.

१ नोव्हेंबर

हळद वेगळीच निघाली. अर्क मद्यार्कात काढायचा, कागदाला लावायचा, अंधारात सुकवायचा. उन्हात तीन तास पुरतात. मग टाकणखाराच्या पाण्यात बुडवले की झाकलेला भाग विटकरी होतो आणि उन्हात विटलेला पिवळट उरतो. नेचाचे पान ठेवले होते. पहिलाच कागद चांगला आला.

गोकर्णाला दोन हात द्यावे लागतात, एका हातात रंग पुरेसा खोल होत नाही. ऊन रोज पाच तास, असे सहा दिवस.

१६ नोव्हेंबर

झेंडूवर मावा. साबणाचे पाणी मारले. चित्र क्र. ३ (निळीने रंगवलेली बादली) फाडले. पाण्याचा पृष्ठभाग जमत नाही.

८ डिसेंबर

जवारी काढणारे कारागीर घरी आले. घोडी उतरवून बघितली : तारांनी चार चर पाडले होते. त्यांनी कानस अगदी हलकी फिरवली, घोडी बसवली, ऐकले, पुन्हा उतरवली. असे साडेतीन तास. हातात मोजपट्टी नाही, मार्गदर्शक खूण नाही. प्रत्येक तारेसाठी दोऱ्याची जागा वेगळी सापडली. शेवटी खर्ज छेडून ते गप्प बसले, आम्हीही. विझेपर्यंत मी घड्याळ पाहिले, ती सवय जाणार नाही. पण किती सेकंद झाले ते लिहायचे राहून गेले, आणि आता आठवत नाही.

११ जानेवारी

मंजिष्ठ उपटली. चौकोनी खरखरीत देठ हाताला ओरखडे काढतात. खाली पेन्सिलीएवढी मुळे, मोडली की आत लालभडक. ओली ९०० ग्रॅम. निम्मा वेल जमिनीत ठेवला, पुन्हा धरेल.

२ फेब्रुवारी

मुळे सुकून ३१० ग्रॅम. १०० घेतली, कुटली. आधी थंड पाण्यात भिजवून पहिले तपकिरी पाणी टाकून दिले. मग मंद आचेवर, ७० अंशांच्या वर जाऊ न देता, दोन तास. उकळी आली की लालाला तपकिरी झाक येते, म्हणून थर्मामीटर सोडला नाही. गाळून ५० ग्रॅम तुरटी विरघळवली. मग धुण्याच्या सोड्याचे पाणी चमच्याचमच्याने. दर चमच्याला फसफसते, आणि फेस बसला की खाली लाल कण. रंगाचा रेणू अॅल्युमिनियमला धरून पाण्याबाहेर येतो. चार वेळा धुऊन, निवळून, सुकवून २१ ग्रॅम.

युरोपातल्या मंजिष्ठेत अलिझारिन मुख्य. ग्रेबे आणि लीबरमान यांनी १८६८ साली ते बनवले, वनस्पतीचा रंग माणसाने बनवल्याचे ते पहिले उदाहरण. आपल्या मंजिष्ठेत पर्प्युरिन आणि मंजिष्ठिन जास्त, म्हणून लाल थोडा नारिंगीकडे झुकतो आणि उन्हात काहीसा कमी टिकतो. तो नारिंगीपणा मला हवा आहे. तंबोऱ्याच्या भोपळ्याचा रंग तोच.

काचेवर डिंकाच्या पाण्यात, दोन थेंब मध आणि एक थेंब लवंगतेल घालून घोटला. अंगठ्याखाली खर गेली तोवर तास झाला.

२० फेब्रुवारी

चित्र क्र. ५, तंबोरा. तिसऱ्यांदा. भोपळ्याच्या गोलाईवर सावली रंगवताना मी दरवेळी काळी शाई मिसळत होते आणि भोपळा मरत होता. आज काळ्याऐवजी लालावर निळीचा पातळ हात दिला. सावली खोल झाली आणि लाकूड जिवंत राहिले. तारा रंगवल्या नाहीत. कागदाचा पांढरा सोडला.

क्र. ३ पुन्हा काढले. बादलीतले पाणी अजून पाणी वाटत नाही, पण ताई म्हणाली की रात्र वाटते. ठेवले.

१५ मार्च

बारा झाली. नात उन्हाची चित्रे बघत होती, पडदे ओढून. गोकर्णावरची निळीची डहाळी तिला सोडवेना. "आजी, हे किती टिकेल?"

हा प्रश्न मला ३१ वर्षे विचारला गेला. बसून हिशेब केला, तिच्यासमोर.

उजेडाचे माप लक्स. कडक ऊन म्हणजे सुमारे १ लाख लक्स. सहा दिवस, रोज पाच तास : ३० तास, ३० लाख लक्स-तास. एवढ्यात मोकळा कागद पुरता विटला. म्हणजे निळ्याचा शंभरावा भाग जायला ढोबळमानाने ३० हजार लक्स-तास. नाजूक चित्रांसाठी संग्रहालये ५० लक्सच्या आसपास उजेड ठेवतात. ५० लक्समध्ये पाहिले तर ६०० तास. रोज पाच मिनिटे पाहिले तर ७२०० दिवस. जवळजवळ वीस वर्षे, आणि त्यात गेला फक्त शंभरावा भाग.

हिशेबात त्रुटी आहेत आणि त्या मी तिला सांगितल्या. विटणे सरळ रेषेत जात नाही, सुरुवातीला वेग जास्त असू शकतो. दमट हवा अंधारातही काम करते. उलट घरातल्या दिव्यात अतिनील किरण फारसे नसतात, ते आपल्या बाजूचे. खरा आकडा मोजल्याशिवाय कळणार नाही.

"मग मोजू या," ती म्हणाली.

२२ मार्च

संध्याकाळी ताई, बाई आणि नात. पडदे बंद, एक दिवा, लक्समापकावर ४८. तंबोरा बाईंनी लावला, मी छेडत राहिले. टिकाऊ सहा चित्रे भिंतीवर होतीच. उन्हाची सहा नातीने पेटीतून एकेक काढून समोर धरली, आणि तंबोऱ्याची बारा आवर्तने झाली की परत ठेवली. डहाळीच्या वेळी तिने आवर्तने मोजली नाहीत. मी थांबवले नाही.

चित्रांच्या मागे तिने पट्टीने तक्ते आखले आहेत. डहाळीच्या मागची पहिली ओळ तिच्या अक्षरात :

२२ मार्च. पाहणारे ४. उजेड ४८. मिनिटे ७.